हिरवी चेटकीण मूळ पुस्तकातली नाही

‘विकेड’ या संगीत नाटकातील चेटकिणीचा हिरवा रंग मूळ बालकथेतच आहे, असा संदेश नाशिकच्या नाट्यप्रेमींच्या गटांतून अनेक वर्षे फिरत आला आहे. ज्या कथेची एकच प्रतिमा डोळ्यांत भरलेली असते, तिच्याबाबत असा समज होणे अगदी स्वाभाविक आहे. मात्र १९०० साली प्रसिद्ध झालेल्या ‘द वंडरफुल विझार्ड ऑफ ऑझ’ या मूळ बालकथेत पश्चिमेची चेटकीण हिरवी असल्याचे कुठेही म्हटलेले नाही, तिला एकच डोळा आहे, पण तो दुर्बिणीसारखा दूरवर पाहतो, आणि तिच्या अंगातले रक्त केव्हाच सुकून गेले आहे.

हिरवी कांती रूढ झाली ती या कथेवरील १९३९च्या चित्रपटामुळे, आणि पुस्तकातील नायिकेचे रुपेरी जोडे माणकांचे झाले तेही त्याच चित्रपटात. पुढे १९९५च्या कादंबरीने हा हिरवा रंग जन्मजात ठरवून चेटकिणीच्या एकाकीपणाची प्रौढ वाचकांसाठी कथा रचली, आणि २००३चे नाटक त्या कादंबरीवर बेतले आहे. या नव्या मांडणीचे श्रेय मूळ पुस्तकाला देणे मला अन्यायाचे वाटते.

पडताळणी सोपी आहे: मूळ पुस्तक स्वामित्वहक्कमुक्त असल्याने इंटरनेटवर विनामूल्य मिळते, त्यातील जोड्यांसाठी दुसरे आणि चेटकिणीसाठी बारावे प्रकरण वाचावे.