मूर्ती दुरुस्तीला देण्याआधी एवढं वाचा

गेल्या पावसाळ्यात जहाजावर नोकरी करणारे एक ग्राहक पेपरात गुंडाळलेली मूर्ती घेऊन आमच्या वसईच्या कारखान्यात आले. वीतभर उंची, निळा झगा, डोक्यावर मुकुट, चेहरा काळासावळा आणि मान तुटलेली. म्हणाले, "मान जोडा आणि मेणबत्तीच्या धुराने काळी पडलीये, ती जरा गोरी करून द्या." मान आम्ही जोडली, पण गोरी केली नाही. अशी मागणी करणारे ते पहिले नाहीत, म्हणून हे पत्रक.

ती ब्राझीलच्या अपारेसिदा माऊलीची, म्हणजे येशूची आई मरिया हिच्या तिथल्या प्रसिद्ध मूर्तीची, प्रतिकृती होती. 'अपारेसिदा' म्हणजे पोर्तुगीज भाषेत 'प्रकट झालेली'. गोष्ट १७१७ची, म्हणजे आपला वसईचा किल्लाही पोर्तुगिजांकडेच होता तेव्हाची. ग्वारातिंगेता गावात सुभ्याचा गव्हर्नर येणार होता आणि त्याच्या मेजवानीला मासे हवे होते. दोमिंगोस गार्सिया, फिलिपे पेद्रोसो आणि जुआंव आल्व्हेस हे तिघे मच्छीमार पाराइबा नदीत जाळी टाकत राहिले, पण मासळी काही मिळेना. शेवटी आल्व्हेसच्या जाळ्यात एक मातीची मूर्ती आली, धड तेवढं, शिर नाही. पुढच्या खेपेला शिर आलं. आणि त्यानंतर होडी बुडायला येईल एवढी मासळी लागली, असं सांगतात. मूर्ती निष्कलंक मरियेची होती. बरीच वर्षं ती पेद्रोसोच्या घरीच राहिली, शेजारीपाजारी तिथेच जपमाळेला जमत. टेकडीवर देऊळ उभं राहिलं ते १७४५ साली.

म्हणजे माऊली भक्तांना भेटली तीच मोडलेली! आमच्या धंद्यातल्या माणसाला ही गोष्ट फार आवडते.

मूळ मूर्ती भाजलेल्या मातीची आहे, उंची जेमतेम ४० सेंटिमीटर. तिच्यावर एकेकाळी रंग होता. तो नदीच्या पाण्यात गेला आणि पुढे मेणबत्त्यांच्या काजळीने माती आणखी गडद झाली. आपल्या ग्राहकाचं निदान तसं अर्धं बरोबर होतं. पण जिच्यापुढे गुलामांनी आणि गोरगरिबांनी हात जोडले ती माऊली हीच, सावळी. तिला १९०४ साली मुकुट चढवला गेला, १९३० साली पोप पायस अकरावे यांनी तिला ब्राझीलची आश्रयदाती ठरवलं. १२ ऑक्टोबरला तिच्या सणाची देशभर सुट्टी असते. तिला पुन्हा गोरं रंगवायचं म्हणजे तीनशे वर्षांची भक्ती खरवडून काढायची.

आता दुरुस्तीचं. १६ मे १९७८ रोजी एका तरुणाने काच फोडून अपारेसिदाची मूळ मूर्ती उचलली आणि झटापटीत ती खाली पडली. दोनशेच्या आसपास तुकडे झाले. साव पावलोच्या कलासंग्रहालयातल्या मारिया एलेना शार्तुनी यांनी ते जोडले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये माऊली मिरवणुकीने परत गेली. हे काम होऊ शकलं, कारण तुकडे जपून गोळा केले होते.

म्हणून आमचं हात जोडून सांगणं आहे: मूर्ती फुटली तर झाडू मारू नका. तुकडे, खपल्या, भुकटी, सगळं कागदाच्या पुडीत बांधून आणा. घरी झटपट गोंद लावू नका. बोट वाकडं चिकटलं की ते सोडवताना आणखी तुटतं आणि आमची मजुरी वाढते ती वेगळीच. प्लास्टरच्या मूर्तीला ओलं फडकं नको, कोरडा मऊ ब्रश पुरे. आतला लोखंडी गज आपल्या खाऱ्या हवेत गंजून फुगतो आणि प्लास्टर तडकतं. तसा गज दिसला तर आम्ही तो काढून पितळेचा घालतो, आणि हा खर्च आधी विचारूनच.

चर्चमधल्या मूर्तीचं मात्र वेगळं आहे. जुनी, कलाकुसरीची किंवा लोकांची विशेष भक्ती असलेली मूर्ती बिशपांच्या लेखी परवानगीशिवाय दुरुस्त करायची नाही, असा चर्चचा नियम आहे. त्यामुळे फादरांनी स्वतः आणून दिली तरी आम्ही आधी कागद मागतो. राग मानू नये.

"मोडलेली मूर्ती घरात ठेवावी का?" हा प्रश्न दर आठवड्याला येतो. मान मूर्तीला नव्हे, मूर्ती जिची आहे तिला, असं चर्च शिकवतं. तडा गेला म्हणून अपशकुन वगैरे काही नाही. वांद्र्याच्या मोत माऊलीचंच, म्हणजे माउंट मेरीचंच बघा. चाच्यांनी तिचा उजवा हात तोडला होता आणि पुढे ती एका कोळ्याला समुद्रात सापडली, अशी कथा आहे. अपारेसिदाच्या बॅसिलिकात, म्हणजे तिच्या मोठ्या चर्चमध्ये, नवसाच्या वस्तूंची एक मोठी खोली आहे. तिथे मेणाचे हात, पाय, डोकी मांडलेली दिसतात. वांद्र्याच्या जत्रेत आपण वाहतो तशीच.

अगदीच जोडता न येणारी, आशीर्वादित मूर्ती कचऱ्यात टाकू नका. ती जमिनीत पुरायची रीत आहे. अंगण नसेल तर आमच्याकडे आणून द्या, कारखान्यामागे जागा आहे. त्याचे पैसे घेत नाही.

पावसाळ्यात रंग वाळायला वेळ लागतो आणि सप्टेंबरमध्ये जत्रेची गर्दी असते. नाताळच्या गोठ्यातली मेंढरं, उंट, राजे ऑक्टोबरमध्येच आणा. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तीन पायांचा उंट घेऊन येणाऱ्यांना आम्ही दरवर्षी चहा पाजून परत पाठवतो.