मुंबई ६८० किलोमीटर, मग विमानाला दीड तास काऊन?

डिसेंबरात मामांना सोडायला नागपूरच्या सोनेगावला एअरपोर्टवर गेलो होतो, तर तिकीट बघत म्हणाले, "काबे, सरळ रेषेत मुंबई ६८० किलोमीटर, विमान ८०० च्या स्पीडनं पळते, मग पन्नास मिनिटात पोचलं पाहिजे न, हे दीड तासाच्या वर काऊन लिहिलं?"

हिशोब बरोबरच आहे, पण पूर्ण ८०० चा स्पीड मिळतोच कितीसा वेळ. तिकिटावरचा टाइम विमान पार्किंगमधून हललं की सुरू होतो आणि तिकडे पार्क झालं की संपतो, म्हणजे टॅक्सी करणं (जमिनीवरून हळूहळू रनवेपर्यंत जाणं), रनवेवर नंबर लागणं सगळं त्यात. आपला रनवे वायव्य-आग्नेय आहे, वारा तसा असला तर जायचं मुंबईला अन टेकऑफ आग्नेयेकडे, मग वळसा घ्या. वर दहा हजार फुटांपर्यंत स्पीड साधारण ४६० च्या आतच ठेवावा लागतो. समृद्धीवर चढायच्या आधी वर्धा रोडच्या ट्रॅफिकमध्ये गाडी रांगते ना, तसंच समजा.

उतरायचं तर याहून लवकर सुरू होतं. ३५ हजार फुटांवरून खाली यायला दोनेकशे किलोमीटर लागतात, आणि नागपूर-मुंबई सरळ रेघ ओढली तर ती छत्रपती संभाजीनगरच्या जवळून जाते, ते मागे पडलं की थोड्या वेळात विमान उतरणीला लागलेलंच असतं. चढणीतही तेवढंच अंतर जातं, म्हणजे पूर्ण स्पीडचे उरले तीनेकशे किलोमीटर, बस्स. त्यात मुंबईचे दोन रनवे एकमेकांना क्रॉस करतात म्हणून एका वेळी एकच चालतो, गर्दी असली की वर घिरट्या घाला, एक घिरटी साधारण चार मिनिटं. कंपन्यांना हे माहीत असतं, त्या टाइमटेबलमध्ये आधीच जास्तीची मिनिटं टाकून ठेवतात, लवकर पोचलं की आपण खूश (मला ही थोडी चालाखीच वाटते).

अन वारा! हिवाळ्यात वर पश्चिमेकडून जोराचं वारं असतं, ताशी १०० चं जरी धरलं तरी मुंबईला जाताना ८०० चे ७०० होतात आणि येताना ९००. पावसाळ्यात वरचं वारं पूर्वेकडून, तेव्हा उलटं.

चौथ्या दिवशी मामा परत आले ते वेळेच्या वीस मिनिटं आधी, फोन आला तेव्हा मी चौकात तर्री-पोह्याची दुसरी प्लेट सांगत होतो.