मांजरांच्या उतारवयातील गाठी

मांजर दहा वर्षांपुढे गेले की अंगावर हात फिरवताना कधी कातडीखाली गाठ लागते, कधी चामखिळीसारखे काही दिसते, तर कधी भरून न येणारी जखम आढळते. यांतली प्रत्येक गोष्ट कर्करोगाची नसते. बाहेर फिरणाऱ्या बोक्यांना भांडणातल्या चाव्यातून गळू होते. ते एक-दोन दिवसांत फुगते, गरम लागते, दुखते आणि ताप आणते. डोक्यावर किंवा मानेवर येणाऱ्या तळपेशींच्या (कातडीच्या बाहेरील थराच्या तळाशी असणाऱ्या पेशींच्या) गाठी काळपट, प्रसंगी चिघळलेल्या असल्या तरी बहुधा निरुपद्रवी ठरतात. म्हाताऱ्या कुत्र्यांत नेहमी दिसणारी चरबीची गाठ मात्र मांजरांत त्या मानाने कमी आढळते. म्हणून ‘चरबीची असेल’ असे म्हणून थांबणे मांजराच्या बाबतीत धोक्याचे आहे.

सर्वांत जपायला हवे ते स्तनांच्या गाठींना. मांजरीच्या पोटावर साधारणपणे स्तनांच्या चार जोड्या असतात आणि तिथली गाठ दहापैकी आठ-नऊ वेळा कर्करोगाचीच निघते. सयामी मांजरींत हे प्रमाण अधिक आहे. गाठ २ सेंमीपेक्षा लहान असताना शस्त्रक्रिया झाली तर मांजर अनेकदा काही वर्षे जगते. ३ सेंमीच्या पुढे गेल्यावर बऱ्याच मांजरींना वर्षभरही मिळत नाही. वाटाण्याएवढ्या गाठीसाठी डॉक्टरांकडे जाणे हा उतावळेपणा नव्हे. मांजरी सहा महिन्यांची होण्याआधी नसबंदी केल्यास हा धोका सुमारे ९० टक्क्यांनी घटतो.

पांढऱ्या मांजरांच्या कानांची टोके, नाक व पापण्या यांवर उन्हामुळे होणारा कर्करोग गाठीसारखा दिसतच नाही. आधी लाली, मग खपली, मग पुन्हा पुन्हा उघडी पडणारी जखम, असा तो वाढतो आणि ओरखडा समजून दुर्लक्षिला जातो.

इंजेक्शनच्या जागी क्वचित होणारा मांसार्बुद (सार्कोमा) हा कर्करोग अमेरिकेत १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला लक्षात आला. लस दिलेल्या जागेची गाठ तीन महिन्यांनंतरही टिकली, २ सेंमीहून मोठी झाली किंवा महिन्यानंतरही वाढत राहिली, तर तिचा तुकडा तपासावा. या भीतीने रेबीजची लस टाळणे मात्र भारतासारख्या देशात मांजराच्या आणि घरच्यांच्याही जिवावर बेतू शकते.

नुसत्या नजरेने वा स्पर्शाने निदान होत नाही. बारीक सुईने पेशी काढून त्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. ते अपुरे पडल्यास तुकडा काढतात. वय झाले एवढ्यावरून भूल नाकारण्याचे कारण नाही. मूत्रपिंड, हृदय आणि थायरॉइड आधी तपासून घेतात. दुखते म्हणून घरातली पॅरासिटामॉल कधीही देऊ नये, एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. काढलेली गाठ प्रयोगशाळेत पाठवावीच. रोगट पेशी कडेपर्यंत पोचल्या होत्या का, हे त्या तपासणीतच कळते.