घोडा पाठ उडवतो तेव्हा तो नवख्याला जोखत नसतो

कोल्हापुरात घोड्याचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं, नवा माणूस वर बसला की घोडा पाठ उडवून, म्हणजे उसळून, त्याला जोखतोच. रंकाळ्यावर असो, पन्हाळ्यावर असो नाहीतर घोडागाडीच्या शर्यतीवाल्यांच्यात बसा, सगळीकडं हेच. आणि त्याच्यावरचा उपायपण ठरलेला, "दोन चाबूक ओढ, मालक कोण हाय कळू दे त्याला." मला हे ऐकून खरंच वाईट वाटतं, कारण घोड्याच्या शरीराबद्दल आणि शिकण्याबद्दल आता जेवढं माहीत झालंय ते बघितलं तर हा उपाय बहुतेक वेळा प्रकरण आणखी चिघळवतो.

मुळात घोडा हा उघड्या माळावरचा, दुसऱ्याची शिकार होणारा प्राणी. लांडगा किंवा वाघासारखं जनावर अंगावर झेपावलं की मुंडी खाली घालायची, पाठीची कमान करायची आणि मागचे पाय हवेत झाडायचे, ही त्याची जीव वाचवायची पद्धत. म्हणजे पाठीवर काहीतरी बसलंय हीच त्याच्या दृष्टीनं धोक्याची गोष्ट आहे, माणसाला तो शिकून शिकून सहन करतो एवढंच. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळं जवळपास ३५० अंशातलं त्याला दिसतं, पण अगदी नाकासमोरचं आणि बरोब्बर मागचं दिसत नाही. वर बसलेला माणूसपण त्याला नीट दिसत नाही, तो जाणवतो. आणि जाणवतो म्हणजे किती, तर माशी बसली तर तेवढ्याच जागेची कातडी थरथरवून उडवणारं हे जनावर आहे, तुमची मांडी आवळली, श्वास अडकला तर त्याला कळणार नाही होय?

स्वीडनमधल्या संशोधकांनी २००९ मध्ये एक छान प्रयोग छापला. ३७ माणसं आणि काही घोडे घेतले, कुणी घोड्यावर बसलं, कुणी धरून चालवलं, आणि त्या माणसांना सांगितलं की चौथ्या फेरीला घोड्याजवळ छत्री उघडणार. छत्री उघडलीच नाही. पण त्या फेरीला माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले आणि घोड्यांचेपण वाढले, ज्या बिचाऱ्यांना छत्रीचं काहीच माहीत नव्हतं. त्याच्या शंभर वर्षं आधी जर्मनीत हान्स नावाचा घोडा खूर आपटून गणितं सोडवतो म्हणून गाजला होता, १९०७ मध्ये ऑस्कर फुंग्स्ट यांनी दाखवून दिलं की तो गणित करत नव्हता, विचारणाऱ्याच्या डोक्याची बारीकशी हालचाल बघून थांबत होता. विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसलं की घोडा चुकायचा.

आता नवखा माणूस वर काय करतो बघा. घाबरला की अंग पुढं झुकतं, टाचा पोटाला घट्ट चिकटतात आणि हातानं लगाम ओढला जातो. टाच म्हणजे "चल", लगाम म्हणजे "थांब". दोन्ही एकदम! पुढं जायला वाट नाही, थांबलं तरी पोटावरचा दाब सुटत नाही, मग तो वर उसळतो. माणूस पडतो किंवा घाबरून उतरतो आणि त्याच क्षणी सगळा दाब गायब. घोडा शिकतो ते असंच, ज्या हालचालीनंतर त्रास सुटला ती हालचाल त्याच्या डोक्यात पक्की बसते. पुढच्या वेळी तो लवकर उसळतो आणि आपण म्हणतो खोडकर आहे, परीक्षा घेतोय. बेत आखून माणसाला पाडायचा असला हिशोब तो करत नाही, आणि चाबूक मारला की पाठीवर बसलेला माणूस आणि वेदना यांची सांगड तेवढी पक्की होते.

पण हे सगळं शिकण्याबिकण्याचं नंतर, आधी दुखतंय का बघायचं, याबाबतीत मी अजिबात तडजोड करणार नाही. इंग्लंडच्या पशुवैद्यक स्यू डायसन यांनी स्वारीच्या वेळी दिसणाऱ्या २४ खुणांची यादी केलीय, कान मागं पाडणं, शेपूट सारखी झटकणं, तोंड उघडं टाकणं वगैरे, त्यातल्या ८ किंवा जास्त दिसल्या तर घोडा दुखण्यात असायची शक्यता दाट. खोगीर शेवटच्या, म्हणजे १८व्या बरगडीच्या मागं जाता कामा नये, कारण तिथून मागं, शेपटीकडच्या कमरेच्या भागाला बरगड्यांचा आधार नाही. दाढा झिजून त्यांना धारदार कडा येतात आणि लगाम ओढला की गाल कापतो. पोटाचं तर विचारूच नका, घोड्याच्या पोटात आम्ल सतत पाझरत असतं, खाल्लं नाही तरी, त्यामुळं तासन् तास उपाशी ठेवून एकदम भरपूर चंदी, म्हणजे दाणा, घातली की अल्सर व्हायचा धोका वाढतो आणि मग तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळताना तो चावायला येतो. त्यात दिवसभर पागेत बांधलेला, पोटात हरभरा, अंगात रग, आणि वर नवशिका!

दुखणं नाही अशी खात्री झाली तर पुढचं सोपं आहे. जोरात उसळायला घोड्याला मुंडी खाली घालावीच लागते. त्याआधी चाल आखडते, खोगिराखाली पाठ कडक होऊन वर आल्यासारखी वाटते. तेव्हाच खांदे मागं, टाचा खाली, नजर पुढं, आणि एका बाजूचा लगाम हळूहळू आखडून मुंडी बाजूला वळवायची. मान वळली की मागचे पाय एकमेकांसमोरून पडतात आणि उसळायचा जोर जातो. भरधाव असताना झटक्यानं हे करू नका, घोडा तुमच्यासकट पडेल. तो नरमला की लगाम तिथल्या तिथं ढिला, दोन सेकंद उशीर केला तरी कशाचं बक्षीस मिळालं हे त्याला कळत नाही. मग लगेच उतरायचं नाही, चार पावलं शांत चालवायचं आणि मग उतरायचं. शिकणाऱ्यानं तर आधी लांब दोरीवर, वस्तादाच्या हातात घोडा देऊन नुसती मांड पक्की करावी, हेल्मेट घालूनच, आणि पाऊल रिकिबीत पार आत घालू नये.

पन्हाळ्याला पोरांना घोड्यावर बसवत असाल तर घोडेवाल्या मामांना खोगीर जरा उचलून दाखवायला सांगा. गडद रंगाच्या घोड्याच्या पाठीवर पांढऱ्या केसांचे डाग दिसले तर तिथं पूर्वी खोगीर रुतून जखम झालेली असू शकते, जुनी बरी झालेली असेल तर निदान खोगिराखालची कापडाची घडी नीट आहे का विचारा. ओली जखम दिसली किंवा बोटानं दाबल्यावर पाठ खाली दबवून त्यानं अंग चोरलं, तर त्या घोड्यावर बसू नका आणि का बसत नाही ते मामांना नीट समजावून सांगा.