पगारपत्रकावरचे दोनशे रुपये आणि रोजगार हमी

महाराष्ट्रातल्या नोकरदाराच्या पगारातून दरमहा 200 रुपये आणि फेब्रुवारीत 300 रुपये व्यवसाय कर कापला जातो. 1975 मध्ये हा कर आला तो रोजगार हमी योजनेसाठी. शहरात पगार घेणाऱ्याने गावातल्या बिनकामाच्या हाताला मजुरी द्यायची, अशी ती रचना होती. सरकारी खर्चाने चाललेल्या ग्रामविकासाच्या योजना पुष्कळ झाल्या, पण पैसा कुठून येणार हे इतक्या स्पष्टपणे ठरवलेल्या योजना थोड्याच.

या कल्पनेचे जनक विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात, आपल्या विसापूर गावी त्यांनी 1960 च्या दशकात तिचा छोटा प्रयोग करून पाहिला. कोरडवाहू भागात सुगी सरली की मजुराचे हात रिकामे, आणि बांधबंदिस्तीची, पाणी अडवण्याची कामे तर तिथेच पडून. या दोन्हींची गाठ घालायची, हा त्यांचा साधा विचार.

1972 मध्ये योजना सुरू होते न होते तोच दुष्काळाने राज्याला घेरले. सगळी यंत्रणा दुष्काळी कामांना जुंपली गेली. 1973 च्या उन्हाळ्यात या कामांवर 50 लाखांच्या आसपास माणसे होती. त्या पिढीला सुकडी (कामावर मिळणारा कोरडा पौष्टिक खाऊ) आणि मिलो (परदेशातून आलेली लाल ज्वारी) अजून आठवतात. या कामांनी माणसे जगवली, ही फार मोठी गोष्ट. पण घाईत काम काढायचे तर हाताशी काय? खडी फोडणे. कित्येक ठिकाणी फोडलेल्या खडीचे ढीग रस्त्याची वाट पाहत राहिले. मजूर दारात आल्यावर काम शोधायला निघालो तर खडीच वाट्याला येते, हा धडा बहात्तरने दिला.

म्हणूनच पुढे तालुक्याला आधीच मोजमाप आणि अंदाजपत्रक झालेल्या कामांचा साठा तयार ठेवण्यावर भर आला. 1977 मध्ये विधिमंडळाने कायदा एकमताने मंजूर केला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. काम मागणे हा हक्क झाला. मजुराने नमुना 4 भरून द्यायचा, 15 दिवसांत काम मिळाले पाहिजे, नाहीतर बेकारी भत्ता. एरवी योजना वरून ठरते आणि लाभार्थी खाली शोधले जातात. इथे मागणी खालून येणार होती. माझ्या मते या कायद्याचे खरे मोल त्यातच आहे.

त्रुटी मात्र राहिल्या. नवे काम काढायला किमान 50 मजूर हवेत, या अटीमुळे लहान वाड्या आणि पाडे मागे पडत. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते कुठे करायचे हे खात्याचे अभियंते ठरवत, गावाला विचारण्याची पद्धत नव्हती. काम संपले की बांध कुणाचा, गाळ कुणी काढायचा, याचे उत्तर कुणाकडेच नसे. 1990 च्या सुमारास योजना फळबागांशी जोडली तेव्हा चित्र थोडे पालटले. शेतकऱ्याने स्वतःच्या रानात लावलेले आंब्याचे, काजूचे, डाळिंबाचे रोप त्याने जपले, कारण ते त्याचे होते. हिवरे बाजारने हमीच्याच पैशांतून डोंगरावर चर खोदले आणि पाणी कसे वापरायचे हेही गावात बसून ठरवले.

2005 मध्ये संसदेने रोजगार हमीचा कायदा केला तो महाराष्ट्राचा अनुभव समोर ठेवून. तो आधी 200 जिल्ह्यांत आणि 2008 पर्यंत देशभर गेला. राज्याची हमी वर्षभराची होती, केंद्राची कुटुंबामागे 100 दिवसांची. या बाबतीत तो कायदा तोकडा होता. नियोजनात मात्र त्याने मोठी उणीव भरून काढली: खर्चाच्या हिशेबाने निदान निम्मी कामे ग्रामपंचायतीमार्फत व्हावीत, कामांची निवड ग्रामसभेने करावी आणि हजेरीपत्रकासह सगळा हिशेब ग्रामसभेपुढे तपासला जावा. विसापूरच्या प्रयोगानंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी, कोणते काम काढायचे हे सांगण्याचा अधिकार कायद्याने गावाकडे आला.