‘तुका म्हणे’ आणि रॅपमधला ‘मी’ : गेलेल्या रॅपरची गाणी कोकणात वाजतात, त्यामागची पार्श्वभूमी

अमेरिकन रॅपर टुपाक शकूर १३ सप्टेंबर १९९६ रोजी गेला. कोकणात ही तारीख अनेक वर्षी गणपतीच्या आगेमागे येते. २०१८ साली तर गणेश चतुर्थीच १३ सप्टेंबरला होती. एरवी मुंबई-पुण्यात पांगलेले पखवाजवाले, पेटीवाले, ढोलकीवाले, बेंजोवाले त्याच दिवसांत गावी असतात. आरत्या झाल्या, भजन उरकले, की पडवीत बसून टुपाकच्या गाण्यांविषयी बोलणे निघते आणि बोलता बोलता हात वाद्यावर जातो. त्या बैठकांतून दरवर्षी एकच वाद नव्याने उभा राहतो : गेलेल्या माणसाचे शब्द आता कोणाच्या तोंडून यायचे?

सर्वांत जास्त बोलले जाते ते दोन गाण्यांविषयी. ‘डिअर ममा’ हे आईला उद्देशून लिहिलेले गाणे १९९५ चे. ज्या अल्बममध्ये ते आहे तो बाजारात आला तेव्हा टुपाक तुरुंगात होता. २०१० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण जतनयादीत या गाण्याची निवड जाहीर झाली. दुसरे ‘चेंजेस’. हे त्याच्या मृत्यूनंतर, १९९८ च्या नोव्हेंबरात निघालेल्या संग्रहातून घरोघर पोचले. त्याच वर्षीच्या जानेवारीत कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली होती. चाकरमान्यांच्या पिशवीतून डबलबारीच्या, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्याच्या, कॅसेटी गावाकडे येत होत्याच, त्यांत अशा कॅसेटींची भर पडली. इंग्रजी शब्द सगळे कळत नव्हते. आईशी कोणी तरी बोलतो आहे, एवढे कळत होते.

वादक या गाण्यांचे कौतुक करतात तेव्हा शब्दांचे करतात, पण हाताला लागते ते शब्दांखालचे. आणि खालचे जवळजवळ सगळे दुसऱ्याचे आहे. ‘डिअर ममा’चा पाया १९७८ च्या एका पियानोप्रधान जॅझ रचनेतून आला आहे, ध्रुपदाची ओळख १९७४ च्या एका जुन्या गाण्यातून. ‘चेंजेस’मधला, ऐकताक्षणी ओळखू येणारा पियानो १९८६ च्या एका गाण्याचा आहे. म्हणजे टुपाकचे स्वतःचे असे जे आहे, ते आवाज आणि शब्द.

भजनी माणसाला यात नवल वाटत नाही. सिंधुदुर्गातल्या डबलबारीत गाजलेल्या सिनेगीताच्या चालीवर गजर बांधणे ही रोजची गोष्ट आहे. म्हणूनच ‘सॅम्पल म्हणजे आपली चालच की’ असे सर्रास म्हटले जाते, आणि इथेच पहिला गोंधळ होतो. चाल म्हणजे सुरांची वाट. ती घेतली तरी गायचे नव्याने, आपल्या गळ्याने, आपल्या पट्टीत. सॅम्पल म्हणजे मूळ मुद्रणातला आवाजच कापून आणणे. त्यात मूळ वादकाच्या बोटांचा दाब येतो, त्या खोलीचा घुमारा येतो, तबकडीची खरखरही येते. तेव्हा ‘चेंजेस’चा पियानो पेटीवर वाजवला तर ती चाल झाली, सॅम्पल नव्हे. हा शब्दांचा काथ्याकूट वाटेल, पण काम अडते ते याच जागी.

अडते कसे ते पाहा. सॅम्पल घेताना तबकडीचा वेग वाढवला की सूरही चढतो. दोन्ही एकाच दोरीला बांधलेले असतात. मिनिटाला ९३ ठोक्यांचा तुकडा ९६ वर नेला तर सूर सुमारे ५५ सेंट वर जातो. शेजारच्या दोन पट्ट्यांमधले अंतर १०० सेंट. म्हणजे गाणे बरोबर दोन पट्ट्यांच्या मध्ये जाऊन बसते, आणि पेटीवाला काळी धरो की पांढरी, बेसूरच लागतो. पेटी खराब आहे असे समजून तिचे सूर घासायला घेणे ही हमखास होणारी चूक. पेटीला हात लावायचा नाही. मोबाइलवरच्या साध्या अ‍ॅपमध्ये वेग तोच ठेवून मुद्रणाचा सूर ४५ सेंट चढवावा किंवा ५५ उतरवावा. गाणे पट्टीवर येते. बेंजोवाल्याला तार थोडी ओढून जमवता येते, म्हणून अशा बैठकीत पेटीच्या आधी बेंजो जुळतो.

तालाचे दुखणे वेगळे आणि जास्त खोल आहे. ‘डिअर ममा’ची लय मिनिटाला साधारण ८४ ठोक्यांची. रॅपमध्ये चार ठोक्यांचा एक बार. पहिल्या आणि तिसऱ्या ठोक्याला खर्जाचा धक्का, दुसऱ्या आणि चौथ्याला कोरडा, टणक आघात. आपल्या केरवा तालाच्या आठ मात्रा या चार ठोक्यांवर पसरल्या, तर ठोके पडतात पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या आणि सातव्या मात्रेवर. आता बोल मोजा : धा गे ना ति, न क धि ना. तिसऱ्या मात्रेचा ‘ना’ कोरडा आहे, तो चपखल बसतो. पाचवी मात्रा मात्र केरव्याची खाली, तिथे खर्ज नाही. आणि गाण्याला नेमका तिथेच धक्का हवा असतो. सातव्या मात्रेवर ‘धि’चा खर्ज येतो, जिथे गाण्याला कोरडा आघात हवा. अर्धे आवर्तन जुळते आणि उरलेले अर्धे उलटे पडते. ऐकणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण गाणे लंगडते हे त्याला जाणवते. उपाय असा की दुसऱ्या अर्ध्यातली खाली सोडून द्यायची : धा गे ना ति, धा क ना ति. जुने पखवाजवाले याला नाखूष असतात, कारण खाली गेली की ठेक्याचा श्वासच जातो असे त्यांचे म्हणणे. ते खोटे नाही. कडव्यापुरती खाली काढावी आणि ध्रुपदात मूळ केरवा परत आणावा, असा मेळ त्यामुळेच रूढ झाला.

झांजेचेही तसेच. भजनात झांज प्रत्येक मात्रेवर चालते. इथे ती दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यालाच हवी, आणि कडवे चालू असताना शक्यतो नकोच. कारण स, श, त, क ही व्यंजने ज्या उंच पट्टीत ऐकू येतात, तीच पट्टी झांज भरून टाकते. मग शब्दांऐवजी नुसता स्वरांचा गलका ऐकू येतो. त्यात भाद्रपदातली दमट हवा. पखवाजाचे चामडे सैलावते, सूर उतरतो, गठ्ठ्यांवर, म्हणजे वाद्यांखालच्या लाकडी ठोकळ्यांवर, हातोडी मारून तो चढवावा लागतो. डाव्या अंगाला खर्जासाठी लावलेली कणीक मात्र रात्र चढते तशी सुकत जाते आणि खर्ज पातळ होतो. दोन गाण्यांच्या मध्ये बोट ओले करून कणीक मऊ केली नाही, तर तिसऱ्या गाण्याला पहिल्या ठोक्याचा धक्काच उरत नाही.

‘बार’ आणि ‘बारी’ या शब्दांविषयी दोनच वाक्ये. डबलबारीतली बारी म्हणजे बुवाची पाळी, ती तास तास चालते. रॅपमधला बार म्हणजे चार ठोके, आणि सोळा बारांचे कडवे ८४ च्या लयीत जेमतेम ४६ सेकंदांत संपते. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही, तरी तरुण मुलांच्या तोंडी ‘एक बारी टाक’ म्हणजे सोळा बार, असा अर्थ आता स्थिर होतो आहे.

मुख्य वाद आवाजाचा. एका बाजूचे म्हणणे असे की मुद्रणातला टुपाकचा आवाज वाजू द्यावा, आपण फक्त खाली साथ करावी. त्याचे शब्द दुसऱ्याने म्हणणे म्हणजे त्याचे आयुष्य पांघरून मिरवणे. दुसरी बाजू म्हणते, वादकांनी ध्रुपद वाजवावे आणि कडव्याची जागा रिकामी ठेवावी. तिसरी बाजू : शब्द म्हणावेत, आपल्या आवाजात म्हणावेत.

पहिल्या बाजूचा आधार असा, की मूळ ते मूळ, त्यात ढवळाढवळ नको. पण ‘चेंजेस’चा इतिहास या आधाराला टिकू देत नाही. टुपाकने त्याचे शब्द १९९२ मध्ये मुद्रित केले. आपण ऐकतो ते रूप त्याच्या मृत्यूनंतर १९९८ मध्ये घडवले गेले : तालाची मांडणी नवी, ध्रुपदाला दुसऱ्या गायकांचे आवाज. २००० साली रॅपच्या एकल सादरीकरणासाठी ग्रॅमीचे नामांकन मिळाले ते याच रूपाला. जे गाणे लोकांनी ‘त्याचे’ म्हणून छातीशी धरले, ते त्याने या रूपात कधी ऐकलेच नव्हते. त्याच्यामागे राहिलेल्यांनी ते पुरे केले, आणि चांगले केले. मग मागे राहिलेल्यांनी हात लावूच नये हा नियम कशावर उभा करायचा?

याचे उत्तर आपल्याकडे आधीपासून आहे, असे तिसऱ्या बाजूला वाटते, आणि ते पटण्यासारखे आहे. साडेतीनशेहून अधिक वर्षे प्रत्येक बुवा ‘तुका म्हणे’ गातो. अभंगात तुकोबांचे दिवाळे आहे, राग आहे, लेकराचा हट्ट आहे, सगळे प्रथमपुरुषी. तरीही बुवा स्वतःलाच तुका समजतो आहे असे कोणाला वाटत नाही, कारण शेवटच्या चरणात मालकी सांगितलेली असते. ‘जनी म्हणे’, ‘एका जनार्दनी’, हीच सोय. शाहिरी कवनातही शेवटी कवीचे, गुरूचे नाव येते. शक्ती-तुऱ्याच्या सामन्यात शिष्य गुरूचे कवन म्हणतो तेव्हा ते नाव तो गाळत नाही. गाळले तर समोरचा शाहीर तिथेच धरतो. हे ‘म्हणे’ लहानसे क्रियापद आहे, पण गाणारा आणि बोलणारा यांच्यात तेच उंबरठा घालते.

रॅपमध्ये हा उंबरठा सहसा नसतो. रॅपर आपले नाव घेतो, पण ‘मी अमुक’ असे घेतो. ‘अमुक म्हणे’ असे नाही. त्यामुळे दुसऱ्याने तेच शब्द उचलले की तो ‘मी’ सरळ उचलणाऱ्याला चिकटतो. रत्नागिरीच्या मुलाने तुरुंगातला, गोळ्या झेललेला ‘मी’ म्हटला की कानाला खोटे लागते ते यामुळेच. दोष त्याच्या उच्चाराचा नसतो, ‘म्हणे’ राहून गेलेला असतो. म्हणून कडव्याआधी नाव घेणे आणि मग आपल्याच आवाजात, नक्कल न करता म्हणणे, हा तोडगा सर्वांत प्रामाणिक आहे.

अलीकडच्या घटनांनी हा वाद अधिक निकडीचा केला. एप्रिल २०१२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या एका संगीत महोत्सवात टुपाक ‘प्रकटला’. त्याला होलोग्राम म्हटले गेले, पण ती एकोणिसाव्या शतकातल्या रंगभूमीची युक्ती होती : तिरक्या पारदर्शक पडद्यावर पाडलेले प्रतिबिंब. एप्रिल २०२४ मध्ये एका बड्या रॅपरने यंत्राने बनवलेला टुपाकचा आवाज आपल्या गाण्यात वापरला. वारसा सांभाळणाऱ्यांनी कायदेशीर नोटीस दिली आणि गाणे उतरवावे लागले. त्या गाण्यात त्याने कधीच न म्हटलेले शब्द त्याच्या तोंडी घातले होते. इथे ‘म्हणे’ नुसते गळत नाही, उलटे होते : बोलतो एक आणि नाव लागते दुसऱ्याचे. मार्च २०२२ मध्ये मुंबईतला एक गुजराती रॅपर वयाच्या अवघ्या २४ व्या वर्षी गेला, मे २०२२ मध्ये पंजाबचा लाडका गायक-रॅपर गोळीबारात गेला. त्यामुळे हा प्रश्न आता दूरदेशीचा राहिलेला नाही. मुंबईच्या त्या मुलाचा आवाज २०१९ च्या एका हिंदी चित्रपटाच्या गाण्यातही आहे, आणि ते गाणे दक्षिणेतल्या तालबोलांवर उभे आहे. मात्रा मोजणाऱ्या वादकांना तो जवळचा वाटतो तो त्यामुळे.

कायद्याचे थोडक्यात. हौशी मंडळाने विनातिकीट श्रोत्यांपुढे वाजवायला भारतीय कॉपीराइट कायद्यात मुभा आहे. मुद्रण करून विकायचे तर मूळ मुद्रणाच्या वर्षानंतर पाच वर्षे उलटलेली हवीत, आगाऊ सूचना हवी आणि किमान ५०,००० प्रतींचे मानधन आधी भरावे लागते. शब्द बदलायची सवलत त्यात नाही. भाषांतराला स्वतंत्र परवानगी लागते, आणि टुपाकच्या शब्दांवरचा हक्क इथे २०५६ अखेरपर्यंत आहे.

भाषांतराचा मोह तरीही होतोच, विशेषतः मालवणीत. पडवीपुरते करायचे तर एक गोष्ट सांभाळावी. ‘आवस’ हा शब्द आईविषयी बोलताना चालतो. हाक मारायला नाही. ‘आवशी’ म्हटले की श्रोत्याच्या कानात आधी शिवी वाजते. हाकेला ‘गे आये’ हवे. ‘आये’ची दोन्ही अक्षरे लांब आहेत, त्यामुळे इंग्रजीतला पहिल्या अक्षरावरचा झटका तिथे मिळत नाही. म्हणून ‘गे’ आधीच्या बाराच्या शेवटच्या अर्ध्या ठोक्यावर टाकतात आणि ‘आ’ समेवर येऊ देतात.

नाव कुठे घ्यायचे, हेही अशाच मोजमापाने ठरते. ८४ च्या लयीत एक बार जेमतेम तीन सेकंदांचा. ध्रुपद संपल्यावर पखवाज एक बार हात उचलून थांबतो, झांज दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्याला हलकेच पडते, तेवढ्या अवकाशात ‘टुपाक शकूर म्हणे’ एवढे म्हणून होते, आणि ‘मी’ पुढच्या समेवर, पखवाजाच्या ‘धा’बरोबर सुरू होतो.