गुंगी उतरली म्हणजे गोळी अंगातून गेली?

‘रात्री झोपेची गोळी घेतली, सकाळी उतरली, आता लघवीच्या तपासणीत काय सापडणार?’ हा समज वर्षानुवर्षे चालत आलाय. तो चुकीचा आहे. गुंगी उतरणं आणि औषध शरीराबाहेर जाणं या दोन वेगळ्या गोष्टी.

डायझेपाम या चिंता कमी करणाऱ्या, गुंगी आणणाऱ्या औषधाचंच बघा. रक्तातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर यायलाच साधारण 20 ते 50 तास लागतात. त्यातून यकृत त्याचं नॉरडायझेपाम नावाचं दुसरं रसायन बनवतं, आणि ते त्याहूनही चिवट! शिवाय औषध चरबीत साठतं. त्यामुळे एखाददुसऱ्या गोळीचा माग लघवीत काही दिवस लागतो. महिनोन्‌महिने रोज घेणाऱ्याच्या बाबतीत तो काही आठवडेही लागू शकतो. उलट झोल्पिडेम या झोपेच्या औषधाचं प्रमाण अडीच-तीन तासांत निम्मं होतं, ते एक-दोन दिवसांत दिसेनासं होतं. म्हणजे ‘24 तासांत गोळी अंगातून जाते’ हा सरसकट आकडा सगळ्याच गोळ्यांना बसत नाही. वय आणि यकृताची तब्येत यांनीही फरक पडतो.

डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी असेल, तर नोकरीच्या तपासणीआधीच चिठ्ठी दाखवावी. आणि तपासणीच्या धास्तीनं रोजची गोळी एकदम बंद करू नका, फिटचे झटके येऊ शकतात.